राजपत्रात छापले की नियम लागू : व्यापाऱ्याने काय पाहावे?

"साहेब, आम्हाला कुणी कळवलेच नाही." व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या तोंडी हे वाक्य नेहमी असते. नवा कर असो, परवान्याची अट असो किंवा वस्तीच्या आराखड्यातील बदल असो, हे उत्तर सरकारदरबारी चालत नाही. नियम राजपत्रात आला म्हणजे तो सर्वांना कळला, असे कायदा धरून चालतो. म्हणून राजपत्र काय असते आणि त्यातील नियमांवर देखरेख कोणाची, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

राजपत्राशी माझी ओळख नावामुळे झाली. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. दाखल्यावर नाव एका तऱ्हेने, दुकानाच्या कागदावर दुसऱ्या तऱ्हेने. कर्जाच्या वेळी बँकेने बोट ठेवले. मग मांजर्लीहून बदलापूर स्टेशन, दादरला गाडी बदलून चर्नी रोड, असे हेलपाटे झाले. तेथे नेताजी सुभाष मार्गावर शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालय आहे. राजपत्राच्या भाग दोनमध्ये नाव, वय व धर्म बदलल्याच्या सूचना छापतात. माझे नाव त्यात आले आणि अडलेले काम सुटले. आता हा अर्ज घरबसल्या संगणकावरूनही करता येतो.

छापलेल्या ओळीचे वजन किती, हे मुंबईतल्याच एका खटल्याने दाखवले. विमानातून सोने पुढे नेण्यासंबंधी रिझर्व्ह बँकेची नवी अट २४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताच्या राजपत्रात आली. झुरिचहून मनिलाला निघालेला एक परदेशी प्रवासी २८ तारखेला विमानाने सांताक्रूझला पोहोचला. त्याच्याजवळ ३४ किलो सोने सापडले. अट माहीत नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये बहुमताने त्याला दोषी ठरवले. राजपत्रात आले, तेवढे पुरे. चार दिवसांत परक्या माणसाला ते कसे कळणार, हा बचाव टिकला नाही.

मात्र हीच छपाई व्यापाऱ्याचे रक्षणही करते. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्राने पाकिस्तानी मालावर २०० टक्के आयात शुल्क लावले. अधिसूचना रात्री पावणेनऊच्या सुमारास संगणकीय राजपत्रावर चढली. ज्यांनी त्याच दिवशी त्याआधी कागद दाखल केले होते, त्यांच्याकडूनही वाढीव शुल्क मागण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये निकाल दिला, की अधिसूचना चढण्याआधी दाखल झालेल्या कागदांना नवा दर लागू नाही. म्हणजे तारखेइतकीच वेळही मोलाची.

आता देखरेखीचा प्रश्न. अमेरिकेत सरकारी छपाईवर लक्ष ठेवण्यासाठी १८४६ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त समिती नेमली गेली. आपल्याकडे भर छापखान्यापेक्षा छापलेल्या नियमावर आहे. विधिमंडळ कायदा करते, पण तपशिलाचे नियम खाते बनवते. ते नियम तपासण्यासाठी लोकसभेत १९५३ मध्ये समिती स्थापन झाली. महाराष्ट्र विधिमंडळातही याच कामासाठी उपविधान समिती आहे. मूळ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर नियम गेला का, कायद्यात आधार नसताना मागील तारखेपासून बोजा टाकला का, नियम छापण्यात किंवा सभागृहापुढे ठेवण्यात विनाकारण उशीर झाला का, अशा गोष्टी या समित्यांनी पाहायच्या असतात. समिती स्वतः नियम रद्द करीत नाही, शिफारस करते. पण खात्याला जाब द्यावा लागतो.

परंतु समितीपर्यंत आपली अडचण पोहोचणार कशी? बरेच नियम आधी मसुदा म्हणून राजपत्रात येतात. ठरलेल्या मुदतीत कोणीही हरकत वा सूचना पाठवू शकतो. वकील लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, कोणते कलम आपल्या धंद्याला कसे बाधते, एवढे लिहावे आणि पोचपावती घ्यावी. मुदत गेली की वाट अवघड होते.

राजपत्राची मराठी जड असते. मला स्वतःला ती आजही दोनदा वाचावी लागते. यावर उपाय असा, की प्रत्येक बाजारात एका शिकलेल्या मुलाकडे हे काम सोपवावे. त्याने आठवड्यातून एकदा राज्याचे राजपत्र संकेतस्थळावर पाहावे आणि आपल्या धंद्याचे असेल ते जुम्याच्या नमाजनंतर किंवा संघटनेच्या बैठकीत सोप्या भाषेत सांगावे. मालाचा भाव आपण रोज विचारतो. नियमाचा भाव आठवड्यातून एकदा विचारायला काय हरकत आहे?