पंपाच्या टाकीत करंजाचं तेल ओतावं का?



बांधावरच्या करंजाच्या बिया वेचल्या, घाण्यावरून तेल काढून आणलं आणि सरळ डिझेलमध्ये ओतलं, तर खर्च वाचेल का, असं पुष्कळ जण विचारतात. इंजिन चालू होतं, हे खरं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण चार तास चालणं वेगळं आणि हंगामभर चालणं वेगळं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं. घाण्याचं तेल डिझेलपेक्षा जवळजवळ दहापट घट्ट असतं. फवारणी पंपात औषध दाट झालं की तुषार न उडता थेंब पडतात, तसंच इथं होतं. मोठे थेंब पुरते जळत नाहीत. नोझलच्या तोंडाशी काजळी धरते, रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑईल बिघडवतं. वाचलेल्या डिझेलचे पैसे मग मिस्त्रीच्या हातात जातात.

बायोडिझेल ही वेगळी चीज आहे. तेलावर मिथेनॉल आणि सोड्याची क्रिया करून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढतात. मग ते जवळपास डिझेलइतकं पातळ होतं. मिथेनॉल विषारी असतं आणि चटकन पेट घेतं, म्हणून हा प्रयोग घरी करू नये.

बायोडिझेलमध्ये वजनानं सुमारे १० टक्के प्राणवायू असतो. त्यामुळं ज्वलन अधिक पुरतं होतं. काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू कमी होतो. नायट्रोजनची ऑक्साईडं मात्र किंचित वाढू शकतात. त्याची उष्णता डिझेलपेक्षा सुमारे दहाव्या हिश्श्यानं कमी असते. २० टक्के मिश्रणात हा फरक दोनेक टक्क्यांवर येतो, तो सहसा जाणवत नाही.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. तेव्हा एवढं ध्यानात ठेवा :

१. घाण्याचं किंवा तळणीचं कच्चं तेल टाकीत ओतू नका.

२. बायोडिझेल घ्यायचं तर भारतीय मानक १५६०७ प्रमाणे आहे का, ते विचारा. किती मिसळायचं ते इंजिनाच्या पुस्तिकेत पाहा.

३. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं. सुरुवातीला फिल्टर लवकर बदला.

४. जुन्या रबरी नळ्या फुगून गळतात. त्या तपासा.

५. फार दिवस साठवू नका आणि पाणी लागू देऊ नका.

६. धूर कमी दिसला तरी विषारी वायू असतोच. बंद खोलीत इंजिन चालवू नका.

करंजाच्या बिया जरूर वेचा आणि विका. तेलाचं इंधन मात्र कारखान्यालाच करू द्या.