पिवळा शंख आणि तांबडा चिनार

मागच्या व्याख्यानात आपण भ्रमाविषयी बोललो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली. ‘सर, मध्यंतरात तुम्ही चिनारांचे फोटो दाखवलेत, त्यांना फिल्टर कोणता लावला होता? दिवाळीनंतर आम्ही काश्मीरला चाललो आहोत. उभं कुठे राहायचं, तेही सांगा.’ चिठ्ठी खिशात घालताना आम्हाला वाटले, हा विषय अगदीच वेगळा. घरी आल्यावर कळले की तो मुळीच वेगळा नाही. म्हणून आजचा तास त्या चिठ्ठीच्या उत्तरासाठी.

मागच्या वेळचा दृष्टान्त आठवा. कावीळ झालेल्या माणसाला पांढरा शंख पिवळा दिसतो. आपल्या दर्शनांमध्ये या पिवळ्या शंखावर शतकानुशतके वाद झाले. त्यातले प्रभाकर मीमांसकांचे म्हणणे आम्हाला फार मोलाचे वाटते. ते म्हणतात, डोळ्यातल्या पित्ताचा पिवळेपणा खरा आहे आणि समोरचा शंखही खरा आहे. चूक एवढीच, की हे दोन वेगळे आहेत हे ध्यानात येत नाही. याला त्यांनी अख्याती म्हटले. म्हणजे चूक खोटे दिसण्यात नाही, भेद न कळण्यात आहे.

आम्ही हे तीस-पस्तीस वर्षे वर्गात शिकवले. मग आमच्या स्वतःच्याच घरात काय झाले ते ऐका. निवृत्तीनंतर आम्ही दोघे काश्मीरला गेलो, पानगळीच्या दिवसांत. सौ. चिनाराखाली उभ्या होत्या, अंगावर मोतिया रंगाची साडी. फोटो घरी संगणकावर घेतला तेव्हा आम्हाला तो पिवळट वाटला. आम्ही रंगांची पट्टी निळ्याकडे सरकवली. सौ. म्हणाल्या, ‘माझी साडी मोतिया आहे हो, ही तर निळीत बुडवून काढल्यासारखी दिसतेय.’ आम्ही त्यांनाच रंगांच्या सापेक्षतेवर प्रवचन दिले, आणि बदललेला फोटो मूळ फोटोच्या जागीच साठवून टाकला. असे एक-दोन नव्हे, चांगले तीनशे फोटो.

काही वर्षांनी आमच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डावा महिनाभर तसाच होता. एके सकाळी सहज एकेक डोळा मिटून भिंतीकडे पाहिले. उजव्या डोळ्याला भिंत पांढरी, डाव्याला जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते, निळा प्रकाश अडवू लागते. ते इतके सावकाश होते की आपल्याला पत्ता लागत नाही. क्लोद मोने या चित्रकाराचेही असेच झाले होते. १९२३ मध्ये त्याच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर सगळे फार निळे दिसते अशी त्याची तक्रार होती. आम्ही तो अल्बम उघडला. बर्फ निळे, साडी निळी, निशात बागेवरचे आकाश शाईसारखे. सौ. बरोबर होत्या. मूळ फोटो उरलेले नव्हते.

तेव्हा चिठ्ठीला पहिले उत्तर हे : लेन्सवर पोलरायझर होता, आणि दुसरा एक फिल्टर आमच्या डोळ्यात होता. पहिला आम्हाला माहीत होता, त्याने काही बिघडले नाही. दुसऱ्याने तीनशे फोटो नेले. ‘फिल्टर लावला म्हणजे फोटो खोटा का?’ असे आम्हाला पुष्कळ जण विचारतात. फिल्टर कधी खोटे बोलत नाही. तो आहे हे विसरण्यात सगळी गफलत आहे.

आता कामाचे बोलू. एक सूत्र मनाशी धरा : फिल्टर फोटोत काहीही घालत नाही, तो फक्त काढून घेतो. त्यामुळे दुकानात जाण्याआधी विचारायचे, ‘मला काय नको आहे?’

गंमत म्हणजे पानगळसुद्धा याच रीतीने रंगते. पानातला पिवळा आणि केशरी रंग बराचसा कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. ती उन्हाळाभर पानातच असतात, पण हरितद्रव्याखाली झाकलेली. दिवस लहान झाले, थंडी पडली की झाड हरितद्रव्य मोडून घेते आणि पिवळा उघडा पडतो. मेपलसारख्या झाडांची लाली मात्र वेगळी. ते अँथोसायनिन पान शेवटच्या दिवसांत नव्याने तयार करते. स्वच्छ ऊन आणि गोठवणारी नव्हे अशी थंड रात्र असली की लाली चांगली चढते. चिनारच्या एकाच झाडावर हिरवा, पिवळा, केशरी आणि गंजासारखा तांबडा असे सगळे टप्पे एका वेळी दिसतात. काश्मीरमध्ये या ऋतूला हरूद म्हणतात. ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस त्यासाठी धरावेत.

एकच फिल्टर घ्यायचा असेल तर सर्क्युलर पोलरायझर घ्या. पानाच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. त्यावर आकाशाचा पांढुरका निळा उजेड चकाकतो आणि खालचा रंग फिका पडतो. ही चकाकी बऱ्याच अंशी एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशाची असते. पोलरायझर फिरवला की ती अडते आणि पानाचा रंग दिसू लागतो. ढगाळ दिवशी, पावसाने पाने ओली असतील तर हा फरक फारच जाणवतो. आणि हे काम नंतर संगणकावर करता येत नाही. चकाकीने झाकलेला रंग कॅमेऱ्यात आलाच नाही, तर तो मागाहून आणणार कुठून?

आकाशासाठी मात्र नियम दिशेचा आहे. सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश सर्वांत गडद होते. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा तिच्याशी काटकोनात धरा आणि मनगट फिरवा. अंगठा जिथून जिथून फिरेल, तिथे पोलरायझरचा जोर. सूर्य अगदी समोर किंवा अगदी पाठीशी असेल तर आकाशावर परिणाम जवळजवळ नाही. फार रुंद लेन्स असेल, २८ मिलिमीटरपेक्षा कमी, तर आकाशाचा एक पट्टा गडद आणि बाजू फिकट अशी विद्रूप छटा येते. तेव्हा फिल्टर थोडा उलटा फिरवावा, किंवा आकाशच कमी घ्यावे.

दिशेचा विषय निघाला, तसा जागेचाही निघालाच. जागा निवडणे म्हणजे बाग निवडणे नव्हे, तर सूर्याशी आपला कोन निवडणे. श्रीनगर साधारण ३४ अंश अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशच वर असतो. म्हणून आपल्याकडच्यासारखी दुपार वाया जात नाही, ऊन दिवसभर तिरके येते.

निशात बाग दल सरोवराच्या पूर्व काठाला आहे, पाठीशी झबरवानचे डोंगर. नूरजहानचा भाऊ असफखान याने ती टप्प्याटप्प्यांनी उतरत्या जमिनीवर वसवली. सकाळी सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे बाग बराच वेळ सावलीत राहते. घाईने सातला जाऊन कुडकुडत बसण्यात अर्थ नाही, आम्ही बसलो आहोत. दुपारी चारच्या सुमाराला सूर्य सरोवरावर कलतो आणि ऊन थेट बागेत शिरते. तेव्हा तीन गोष्टी करता येतात. डोंगराकडे तोंड केले तर सूर्य पाठीशी, रंग भरपूर, पोलरायझरचा आकाशावर फारसा उपयोग नाही. उत्तरेकडे, काठाला समांतर पाहिले तर सूर्य बाजूला, आणि इथे पोलरायझर खरा कामाला येतो. सरोवराकडे वळलात तर पाने सूर्याच्या आड येतात, आतून दिव्यासारखी पेटतात. आता रंग पानावरून परतून येत नाही, पानातून गाळून येतो. तेव्हा सगळे फिल्टर उतरवा. समोरच्या सूर्याने प्रत्येक जादा काचेत एकेक भुताटकीचा ठिपका उमटतो. लेन्सला हूड लावा, सूर्य एखाद्या फांदीआड ठेवा.

सकाळसाठी नसीम बाग. ती पलीकडच्या बाजूला, हजरतबलजवळ, काश्मीर विद्यापीठाच्या आवारात आहे. मुघलांच्या काळापासूनची चिनारांची राई. सकाळचे ऊन इथे सरोवरावरून, आडवे येते आणि खोडांच्या लांब सावल्या पडतात. खाली गळलेल्या पानांचा गालिचा असतो. त्याचा फोटो घेताना कॅमेरा खाली झुकवून पोलरायझर फिरवा आणि पानांचा चकाकणारा पांढुरकेपणा कसा उतरतो ते पाहा. इतके झटपट पटवणारे दुसरे प्रात्यक्षिक नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र जपून. दलमधल्या चार चिनार बेटाकडे शिकाऱ्यातून जाताना पाण्यात झाडांचे प्रतिबिंब पडते. पोलरायझर पुरता फिरवलात तर ते प्रतिबिंबच पुसले जाईल. जे पाहायला आलो तेच काढून घ्यायचे, हा कसला शहाणपणा? शिवाय पोलरायझर दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. १/१२५ सेकंदाचा वेग १/३० च्या आसपास येतो, आणि हलत्या शिकाऱ्यात हात कितीही स्थिर असला तरी फोटो हलतोच. तिथे फिल्टर काढलेला बरा.

दुसरा फिल्टर एनडी, म्हणजे सर्व रंगांचा उजेड सारखाच कमी करणारा करडा काचतुकडा. त्याचा उपयोग पहलगामला लिद्दर नदीच्या काठी. एनडी ६४ उजेड ६४ पटींनी कमी करतो. १/६० सेकंद होते तिथे सुमारे एक सेकंद मिळतो. पाण्याचे धागे दिसायला तेवढे पुरे. एनडी १००० घेतलात तर तोच वेळ १६-१७ सेकंद होतो. पाणी धुक्यासारखे होते खरे, पण वाऱ्याने काठावरच्या पॉपलरची पानेही पुसट होतात. ट्रायपॉड अर्थात हवाच.

बाकीचे फिल्टर थोडक्यात. अर्धा करडा, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर आकाश आवरायला चांगला, पण डोंगरांची रेघ वेडीवाकडी असते, म्हणून मऊ कडेचा घ्यावा. यूव्ही फिल्टर डिजिटल कॅमेऱ्यात रंगासाठी लागत नाही, तो केवळ लेन्सचा रेनकोट. आणखी एक ‘लाल खुलवणारा’ फिल्टर मिळतो, डिडिमियम काचेचा. काचकाम करणारे कारागीर ज्वाळेतला सोडियमचा पिवळा झगझगाट टाळायला याच काचेचा चष्मा वापरतात. ही काच पिवळ्या-नारिंगीतली एक अरुंद पट्टी गाळते, त्यामुळे तांबडा उठून दिसतो. म्हणजे इथेही वाढवले काही नाही, शेजाऱ्याला गप्प बसवले. फोटोवर किरमिजी झाक येते, म्हणून आम्ही तो आता वापरत नाही. पैसे वाचवायचे असतील तर तुमच्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सच्या मापाचा एकच चांगला पोलरायझर घ्या, आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कॅमेऱ्यातही एक न दिसणारा फिल्टर असतो : ऑटो व्हाइट बॅलन्स. पूर्ण चौकटीत केशरी पाने दिसली की त्याला वाटते, उजेडच पिवळा आहे, आणि तो निळा मिसळून पानगळ ‘दुरुस्त’ करायला जातो. आम्ही संगणकावर केले तेच हा आपल्या परस्पर करतो. म्हणून सेटिंग डेलाइटवर ठेवा. फोटो रॉ स्वरूपात घ्या आणि मूळ फोटोवर कधीही काही साठवू नका. साठीच्या पुढच्यांनी रंग ठरवताना घरातल्या एखाद्या तरुण डोळ्याला शेजारी बसवावे. आणि तो काही बोलला तर प्रवचन देऊ नये.

श्रीनगरला नोव्हेंबरात थोडा धूर असतो. गळलेली चिनारची पाने गोळा करून, जाळून, त्यांचा कोळसा कांगडीसाठी करतात. पोलरायझरने धूसरपणा काहीसा कमी होतो, सगळा जात नाही. पण तो धूरही त्या ऋतूचाच भाग आहे. पाने झाडणाऱ्या बायका दिसल्या तर आधी विचारा, मग कॅमेरा उचला. आपल्याला ज्याचा गालिचा दिसतो, त्यात त्यांची हिवाळ्याची ऊब असते.

ज्यांना लगेच जाणे जमणार नाही त्यांनी घरीच सराव करावा. आपल्याकडे शरदात पानगळ होत नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीच्या पठारांवरचे गवत सोनेरी होते. वसंतात कुसुमाच्या झाडाला तांबडीलाल पालवी फुटते. पोलरायझर फिरवायला तेवढे पुष्कळ. दर फोटोमागे वहीत तीन शब्द लिहा : फिल्टर, वेळ, सूर्याची बाजू.

यंदा आम्ही दोघेही पुन्हा निघालो आहोत. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशने झालेली आहेत. सौ. इथे पहिल्या रांगेतच बसल्या आहेत, त्यांनी ती मोतिया साडी बॅगेत घातली आहे आणि एक अट घातली आहे : फोटो घरी आल्यावर साडी संगणकाशेजारी, खिडकीच्या उजेडात ठेवायची, आणि मगच रंगांना हात लावायचा. आम्ही मान्य केले आहे.