एक ‘फाइन’, अर्थ अनेक

समानार्थी शब्द शब्दाला नसतात, त्याच्या एकेका अर्थाला असतात. इंग्रजीतला ‘फाइन’ पाहा. ‘फाइन सँड’ म्हणजे बारीक वाळू, ‘फाइन वेदर’ म्हणजे निरभ्र हवामान आणि न्यायालय करते तो ‘फाइन’ म्हणजे दंड. तिन्हींचे मूळ लॅटिन ‘फिनिस’, म्हणजे शेवट: दंड भरला की वाद संपतो, गुणाची सीमा गाठली की वस्तू उत्तम ठरते. संदर्भाने अर्थ कळतोच, मग एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. वाचणाऱ्याला तो कळतो. समानार्थी शब्दांच्या यादीतून शब्द उचलणारा मात्र बारीक वाळूला ‘एक्सलंट सँड’ म्हणून मोकळा होतो. १८५२ साली प्रसिद्ध झालेल्या रॉजेच्या ‘थिसॉरस’ या इंग्रजी समानार्थी शब्दकोशात शब्द अकारविल्हे नव्हे, तर कल्पनांनुसार लावले होते, ते उगाच नव्हे. आधी अर्थ ठरवावा, मगच पर्याय शोधावा.