वृद्धसेवेचा रोजमेळ

रोजमेळ जुळल्यावाचून व्यापारी दुकान वाढवीत नाही. परंतु घरातील वडीलधाऱ्यांची शक्ती दिवसेंदिवस घटत असता 'वय झाले, चालायचेच' एवढ्यावर पुष्कळ घरांतून ते खाते मिटविले जाते. वार्धक्य टळत नाही हे खरे. पण त्यातील बरीचशी तूट टाळता येते, असे आमचे मत आहे.

बेळगावच्या रविवार पेठेत आमचा धान्याचा घाऊक व्यापार. तेव्हा आरंभ धान्यापासूनच करतो. दात गेले, भूक मंदावली की वृद्धांचे ताट मऊ भात, चहा आणि खारी यांवर येऊन ठेपते. पोट भरते, पण स्नायू झडतात. मग तोल जातो, आणि एकदा खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणास खिळतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६० किलो वजनाच्या प्रौढास दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. १०० ग्रॅम मूगडाळीत ती सुमारे २४ ग्रॅम असतात, तेवढ्याच तांदळात ७-८ ग्रॅम. म्हणून भाताहून डाळ अधिक अशी खिचडी, दूध व ताजे दही ताटात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारावे. शाकाहारात ब-१२ जीवनसत्त्व दुधादह्यातूनच काय ते मिळते. हातापायांस मुंग्या येऊ लागल्या वा विस्मरण वाढले तर रक्त तपासून घ्यावे. झेपेल तितके रोज चालावे, खुर्चीतून उठण्याबसण्याचा सराव ठेवावा.

आपल्याकडील वृद्ध सूर्यास्तापूर्वी जेवतात, पर्वतिथीस उपवास करतात. मधुमेहाच्या काही गोळ्या वा इन्सुलिन घेऊन उपाशी राहिल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, शुद्धही हरपते. व्रत घेण्यापूर्वीच डॉक्टरांकडून औषधांच्या वेळा व मात्रा ठरवून घ्याव्यात.

आता मुख्य गोष्ट. गोदामात मालाची गाडी आली तर सारी पोती एकाच हमालाच्या पाठीवर कोणी लादीत नाही. घरी मात्र अंथरुणास खिळलेल्या सासूचे स्नान, औषध, दोन दोन तासांनी कूस बदलणे, रात्रीचे जागरण, सारे एकट्या सुनेवर पडते. तिची पाठ धरते, झोप मोडते, आणि एखादे दिवशी तोंडून कठोर शब्द निघतो. तो दोष तिचा नव्हे, वाटणीचा आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी तिघा भावांनी आईच्या सेवेच्या पाळ्या लिहून भिंतीस लावल्या. धाकट्यास आजाऱ्याखालची चादर बदलणे ठाऊक नव्हते. ते तो वहिनींकडून शिकला. परगावच्या भावाने खर्च उचलला, आणि सणाच्या सुटीत येऊन आठवडाभर स्वतः पाळी केली. सुनांना विश्रांती मिळाली, आणि मातेस तिन्ही पुत्रांचा सहवास.

आपल्या धर्माने वैयावृत्त्यास, म्हणजे सेवेस, सहा अभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. तप दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. तरी प्रत्येक व्यापारी बंधूने आपल्या पाळीचे काही तास वडिलांच्या उशाशी घालवावेत, आणि संघाने चाकांची खुर्ची, रुग्णखाट आदी साहित्य गरजूंस वापरावयास देण्याची सोय करावी, एवढीच आमची विनंती आहे.