बस नियंत्रकाचा कालस्पंद

संगणकाच्या निरनिराळ्या घटकांमध्ये माहितीची देवघेव ज्या सामाईक तारांवरून होते, त्या तारांच्या समूहाला ‘बस’ आणि तिचे नियमन करणाऱ्या मंडलाला ‘बस नियंत्रक’ असे म्हणतात. ही देवघेव ज्या नियमित विद्युत् स्पंदांच्या तालावर चालते, त्यांना कालस्पंद म्हणतात. धुलाई यंत्र, वैद्यकीय मापक, मोटारगाडी इ. उपकरणांत बसविलेल्या संगणकाला अंतःस्थापित संगणक म्हणतात. त्यास विद्युत् पुरवठा मिळताच प्रथम चालणाऱ्या व त्याच्या स्मृतीत कायम साठविलेल्या आज्ञावलीस ‘बूटलोडर’ हे नाव आहे. बसच्या कालस्पंदाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) योग्य ठरविणे, हे बूटलोडरच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय.

महत्त्व : बूटलोडर चालू होतो तेव्हा मुख्य स्मृती बहुधा वापरण्याजोगी नसते, पडदा उजळलेला नसतो आणि चूक कळविण्याचे साधनही क्वचितच उपलब्ध असते. अनेक उपकरणांत निरनिराळे विद्युत् दाब पुरविणारे एकात्मित मंडल बसवरूनच आज्ञा घेते. काहींमध्ये मुख्य स्मृतीचे गुणधर्म एका लहान स्थायी स्मृतीत नोंदलेले असतात व तेही बसवरून वाचावे लागतात. कालस्पंद चुकल्यास हे वाचन फसते आणि उपकरण कोणताही संदेश न देता निश्चल राहते. बस नेमकी तुटलेली असल्यास दोष लगेच उघड होतो. परंतु कालस्पंद मर्यादेपेक्षा थोडाच जलद असल्यास उपकरण प्रयोगशाळेत सुरळीत चालते व पुढे तापमान बदलल्यावर किंवा लांब तार जोडल्यावर अधूनमधून अडखळते. असा दोष शोधणे अधिक कठीण असते.

आयटूसी बस : या प्रकारची सर्वपरिचित बस फिलिप्स या कंपनीने १९८२ मध्ये विकसित केली. तिच्यात दोनच तारा असतात. एकीवरून माहिती व दुसरीवरून कालस्पंद जातो. मूळ कमाल कंप्रता १०० किलोहर्ट्‌झ होती. १९९२ मध्ये ४०० किलोहर्ट्‌झचा जलद प्रकार, १९९८ मध्ये ३.४ मेगाहर्ट्‌झचा अतिजलद प्रकार आणि २००७ मध्ये १ मेगाहर्ट्‌झचा प्रकार मान्य झाला.

या मर्यादा कशा निघतात हे समजणे उद्‌बोधक आहे. मूळ प्रकारात कालस्पंदाची तार किमान ४.७ मायक्रोसेकंद नीच पातळीवर व किमान ४ मायक्रोसेकंद उच्च पातळीवर राहावी लागते. पातळी चढण्यास जास्तीत जास्त १ व उतरण्यास ०.३ मायक्रोसेकंद लागण्याची मुभा असते. या चारींची बेरीज १० मायक्रोसेकंद, म्हणजे कंप्रता १०० किलोहर्ट्‌झ. जलद प्रकारात हेच आकडे अनुक्रमे १.३, ०.६, ०.३ व ०.३ मायक्रोसेकंद असून त्यांची बेरीज २.५ मायक्रोसेकंद होते. म्हणून केवळ कंप्रता जुळणे पुरेसे नसते. ४०० किलोहर्ट्‌झचे आवर्तन दोन समान भागांत विभागल्यास प्रत्येक भाग १.२५ मायक्रोसेकंदांचा होतो आणि नीच पातळीची किमान अट मोडते. यासाठी अनेक नियंत्रकांत उच्च व नीच कालावधी वेगवेगळे ठरविता येतात.

भाजकाचे गणित : नियंत्रक स्वतः कालस्पंद उत्पन्न करीत नाही, त्याला मिळालेल्या अधिक कंप्रतेच्या मूळ स्पंदास तो एका संख्येने भागतो. ही संख्या बूटलोडर नियंत्रकाच्या नोंदकात लिहितो. उदा., ऐट्‌मेगा ३२८पी या सूक्ष्मनियंत्रकात पूर्वभाजक १ असताना बसची कंप्रता काढण्यासाठी प्रक्रियकाच्या कंप्रतेस (१६ + २ × नोंदकातील संख्या) या राशीने भागतात. मूळ कंप्रता १६ मेगाहर्ट्‌झ व नोंदकात ७२ ही संख्या असल्यास भाजक १६० होतो व बस १०० किलोहर्ट्‌झवर चालते.

तीच ७२ ही संख्या मूळ कंप्रता ८ मेगाहर्ट्‌झ असताना ५० किलोहर्ट्‌झ देते. हा सूक्ष्मनियंत्रक कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या ८ मेगाहर्ट्‌झच्या अंतर्गत आंदोलकाची कंप्रता आठाने भागून १ मेगाहर्ट्‌झ केलेली असते. त्या स्थितीत बस केवळ ६.२५ किलोहर्ट्‌झवर चालेल. या दोन्ही चुकांनी कामास विलंब होतो, एवढेच. उलट चूक मात्र घातक ठरू शकते. ८ मेगाहर्ट्‌झसाठी काढलेली ३२ ही संख्या १६ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकासह वापरल्यास बस २०० किलोहर्ट्‌झवर, म्हणजे मूळ मर्यादेच्या दुप्पट कंप्रतेने चालते. तात्पर्य, नोंदकातील संख्येला स्वतंत्र अर्थ नसतो. त्या क्षणी मूळ कंप्रता किती आहे यावरच तिचा अर्थ अवलंबून असतो.

भागाकार पूर्णांकात येत नसेल, तर फल नेहमी मंद बाजूस झुकवितात. वरील मंडलात १८.४३२ मेगाहर्ट्‌झपासून ४०० किलोहर्ट्‌झ मिळविण्यास नोंदकात १५.०४ ही संख्या हवी. १५ घेतल्यास ४००.७ किलोहर्ट्‌झ मिळून मर्यादा ओलांडली जाते; म्हणून १६ घेऊन ३८४ किलोहर्ट्‌झ स्वीकारणे योग्य.

मूळ कंप्रतेतील बदल : बूटलोडर चालू असतानाच मूळ कंप्रता बदलते, हे या विषयातील मुख्य अवघडपण होय. प्रारंभी प्रक्रियक मंदगती आंदोलकावर चालतो. पुढे कंप्रता वाढविणारे कला-बद्ध मंडल स्थिर झाल्यावर तो त्याच्याशी जोडला जातो. आधी लिहिलेला भाजक तसाच राहिल्यास बसची कंप्रताही त्याच प्रमाणात वाढते. मूळ कंप्रता गृहीत धरल्यानेही असेच घडते. ब्रॉडकॉमच्या बीसीएम २८३५ या मंडलाच्या माहितीपुस्तिकेत गाभ्याची कंप्रता १५० मेगाहर्ट्‌झ मानून १०० किलोहर्ट्‌झसाठी १,५०० हा आरंभीचा भाजक दिला आहे. हेच मंडल वापरणाऱ्या रास्पबेरी पाय या २०१२ मधील संगणकात गाभा २५० मेगाहर्ट्‌झवर चालत असे. तेथे तोच भाजक सु. १६७ किलोहर्ट्‌झ देतो. म्हणून सुरचित बूटलोडर ठोकळ संख्या न लिहिता चालू मूळ कंप्रता विचारून घेतो, इष्ट कंप्रतेवरून भाजक काढतो आणि मूळ कंप्रता बदलल्यावर तो पुन्हा काढतो. यू-बूट या प्रसिद्ध बूटलोडरच्या आधुनिक रचनेत आयटूसी बसची इष्ट कंप्रता उपकरणाच्या वर्णनपत्रात हर्ट्‌झमध्ये नमूद करतात. नमूद न केल्यास १,००,००० हर्ट्‌झ धरली जाते.

तारांची मर्यादा : आयटूसी बसची तार नीच पातळीवर मंडलाकडून खेचली जाते, पण उच्च पातळीवर ती एका रोधकामार्फत हळूहळू चढते. चढण्याचा काळ रोध व तारेची एकूण धारिता यांच्या गुणाकाराच्या सु. ०.८५ पट असतो. ४,७०० ओहम रोध व २०० पिकोफॅराड धारिता असल्यास तो सु. ०.८ मायक्रोसेकंद येतो. १०० किलोहर्ट्‌झला हे चालते, ४०० किलोहर्ट्‌झला चालत नाही. रोध १,५०० ओहम केल्यास हा काळ सु. ०.२५ मायक्रोसेकंद होऊन जलद प्रकार शक्य होतो. बसवरील सर्वांत मंद घटकाची कमाल कंप्रता हीच संपूर्ण बसची मर्यादा ठरते.

अडकलेली बस : वाचन चालू असताना प्रक्रियक अचानक पुन्हा सुरू झाला, तर दुसऱ्या टोकाचा घटक पुढील स्पंदाची वाट पाहत माहितीची तार नीच पातळीवर धरून बसतो. अशा वेळी भाजक अचूक असूनही बस चालत नाही. बूटलोडरने कालस्पंदाच्या तारेवर नऊपर्यंत स्पंद देऊन तो घटक मोकळा करावयाचा असतो.

इतर बस : एसडी स्मृतिपत्रिकेची ओळख पटेपर्यंत कालस्पंद ४०० किलोहर्ट्‌झच्या आत ठेवावा लागतो व त्यानंतरच तो २५ मेगाहर्ट्‌झपर्यंत वाढविता येतो. मोटारगाड्यांतील कॅन बसमध्ये कालस्पंदाची वेगळी तार नसते. प्रत्येक घटक आपापल्या स्पंदावरून वेळ मोजतो. तेथे मंद बाजूस झुकण्याचा उपाय चालत नाही, सर्वांचा वेग जुळावाच लागतो.

पडताळा : भाजकाचे गणित बरोबर आले, तरी अंतिम निर्णय मोजमापावर ठेवतात. दोलनदर्शक तारेस जोडून कंप्रता, उच्च व नीच कालावधी आणि चढण्याचा काळ तपासतात. ही तपासणी बूटलोडरच्या प्रत्येक टप्प्यात वेगळी करावी लागते, कारण एका टप्प्यातील योग्य कालस्पंद पुढील टप्प्यातही योग्य राहीलच असे नाही.