सेवाग्रामची बापूकुटी : वास्तुरचना आणि वारसामूल्य

प्रस्तावना :
चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर परिसर चुनखडक व त्यावर आधारित सिमेंट उद्योगासाठी ओळखला जातो. याच परिसरातील मातीच्या भिंतींची व कवेलूंची घरे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. अशा घरांतील नेमके काय जतन करावयाचे, हे समजून घेण्यासाठी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील बापूकुटीचा अभ्यास उपयुक्त ठरतो. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने विवेचन केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
एप्रिल १९३६ मध्ये महात्मा गांधी सेगाव येथे राहावयास आले. १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील पहिली वास्तू ‘आदी निवास’ होय. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी झोपडी मूळची मीराबेन यांची. पुढे गांधीजी तेथे राहू लागले. १९४६ मध्ये त्यांनी सेवाग्राम सोडले, ते पुन्हा परतले नाहीत.

वास्तुरचना :
माती, लाकूड, बांबू व कवेलू ही परिसरातील सामग्री येथे वापरलेली आहे. जाड मातीची भिंत हळूहळू तापते, त्यामुळे दुपारची उष्णता आत उशिरा पोहोचते. कवेलूंच्या फटींतून गरम हवा बाहेर पडते. पुढे आलेले उतरते छप्पर ऊन अडविते व पावसापासून भिंतीचे रक्षण करते. भिंतीवरील ताडवृक्षांचे उठावकाम मीराबेन यांचे आहे. अलंकरणासाठीही मातीच पुरेशी ठरली.

वारसामूल्य :
प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षांच्या वयाची अट आहे. दगडी मंदिरास ही मोजणी लागू पडते. मातीच्या घराचे तसे नाही. त्याचे सारवण वरचेवर नवे होते, फुटलेली कवेलू बदलली जातात, वाळवीने खाल्लेले लाकूड काढावे लागते. अशा घरात जुनी असते ती रचना आणि ते पुन्हा उभे करण्याचे ज्ञान. कवेलू घडविणारा कुंभार, बांबूकाम करणारा बुरूड व सुतार हे या वारशाचे खरे धारक होत. त्यांचे काम थांबल्यास घर उभे असूनही वारसा संपतो. १९७८ मध्ये विचारवंत इव्हान इलिच यांनी सेवाग्राम येथील भाषणात या कुटीच्या साधेपणातून घर म्हणजे काय याचे चिंतन मांडले होते.

निष्कर्ष :
दरवर्षीची डागडुजी, वाळवी व गळणारे छप्पर यांमुळे कुटुंबे पक्के घर निवडतात, हे स्वाभाविकच आहे. त्यांना जुन्या घरात राहण्याचा आग्रह धरणे योग्य नव्हे. तथापि सिमेंटचे छत उन्हाळ्यात तापते, हा अनुभवही सार्वत्रिक आहे. म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गडचांदूर परिसरातील उरलेल्या घरांची मापे घ्यावीत, आराखडे काढावेत व वयोवृद्ध कारागिरांचे ज्ञान लिहून ठेवावे. बापूकुटीस राष्ट्रपुरुषाच्या नावाचे संरक्षण लाभले. सामान्य शेतकऱ्याच्या घरास अशी नोंद हाच आधार आहे.