थेंबांचा हिशेब

आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबात कोणी आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले, की समाचाराला येणारा पहिला पाहुणा पहिला प्रश्न ठरलेलाच विचारतो, "सलाईन लावले ना?" हो म्हटले की त्याचा जीव भांड्यात पडतो. उशाशी टांगलेली बाटली आणि त्यातून टपटप उतरणारे थेंब दिसले, की उपचार सुरू झाले अशी आपली सर्वांची खात्री पटते. एखाद्या दिवशी डॉक्टरांनी बाटली काढली, की घरची मंडळी अस्वस्थ. "अंगात शक्ती नाही आणि यांनी सलाईन बंद केले!" अशी कुजबुज व्हरांड्यात सुरू होते.

या शक्तीचा हिशेब एकदा मांडून पाहावा. अर्ध्या लिटरच्या पाच टक्क्यांच्या ग्लुकोजच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. म्हणजे साधारण एका पोळीइतकीच शक्ती! आणि साध्या सलाईनच्या एक लिटरमध्ये मीठ असते 9 ग्रॅम. मोठ्या माणसाने दिवसाकाठी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा ही बाटली म्हणजे काही दुधाचा पेला नव्हे. ते औषध आहे, आणि प्रत्येक औषधाप्रमाणे त्यालाही मात्रा आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. वैद्यकात लुडबूड करण्याचा मला अधिकार नाही. परंतु पाण्याची मात्रा म्हणजे काय, हे कळायला आमच्या जालना जिल्ह्यासारखी दुसरी शाळा नसेल. येथला मोसंबीचा बागाईतदार झाडाला पाणी देतो, तसेच ते तोडतोही. बहार धरायचा तर काही आठवडे झाडाला 'ताण' द्यावा लागतो आणि मग बेताबेताने पाणी सुरू करावे लागते. 2012-13 च्या दुष्काळात पाण्यावाचून जळून गेलेल्या बागा या जिल्ह्याने पाहिल्या आहेत. पण बुंध्याशी पाणी साचून मुळे कुजलेली झाडेही त्याला ठाऊक आहेत. दोन्हीकडे झाड मरतेच. म्हणून ठिबकची नळी घालणारा शेतकरी थेंब मोजतो. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरांचे काम याहून फारसे निराळे नाही.

प्रथम या बाटलीचे उपकार मान्य करू. 1832 साली इंग्लंड-स्कॉटलंडात पटकीची साथ होती. एडिंबरोजवळच्या लीथ गावी डॉ. थॉमस लाटा यांनी मरणाच्या दारात असलेल्या एका वृद्धेच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. बुडालेली नाडी लागली, गार पडलेल्या अंगाला ऊब आली. वृद्धा वाचली असे समजून डॉक्टर दुसऱ्या रुग्णांकडे गेले. परंतु जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा चढवले गेले नाही, आणि काही तासांतच ती दगावली. पाण्याने जीव परत येतो आणि ते वेळेआधी थांबले तर पुन्हा जातो, हे दोन्ही धडे त्या एकाच बाईने जगाला दिले.

तिसरा धडा शिकायला मात्र फार वर्षे लागली. तो धडा पोटातल्या दाबाचा.

पोट म्हणजे एक बंद खोली आहे असे समजा. मागे कणा, खाली कटीची हाडे, वर श्वासपटल आणि पुढे स्नायूंची भिंत. ही भिंत थोडी ताणते, पण तिलाही मर्यादा असते. मोठा अपघात, मोठे भाजणे, स्वादुपिंडाला आलेली तीव्र सूज, रक्तात भिनलेला जंतुदोष, अशा आजारांत शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. शिरेतून दिलेले पाणी शिरेत टिकत नाही. ते आतड्यांच्या भिंतींत मुरते आणि पोटाच्या पोकळीत साचते. आतडी फुगतात, खोली भरते, दाब वाढतो. वर श्वासपटल ढकलले जाऊन श्वास अपुरा पडतो. खालून हृदयाकडे परतणारे रक्त अडते. मूत्रपिंडांच्या शिरा चेपल्या जाऊन लघवी कमी होते.

आणि इथेच खरा घोटाळा होतो. लघवी कमी झाली म्हणजे शरीरात पाणी कमी पडले, हा आपला सर्वांचा साधा तर्क. बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. पण दाबामुळे लघवी अडली असेल आणि म्हणून आणखी पाणी चढवले, तर ते पाणीही पाझरणार, आतडी आणखी फुगणार, दाब आणखी वाढणार आणि लघवी आणखी घटणार. कोरडेपणा समजून पूर आणायचा, असा हा प्रकार! रुग्णाचे हातपाय, चेहरा सुजलेले, पोट नगाऱ्यासारखे ताणलेले, आणि लघवीची पिशवी मात्र रिकामी.

मग ओळखायचे कसे? नुसते पोट चाचपून हा दाब नेमका कळत नाही. अनुभवी हातही फसतात. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. रुग्णाला लघवीची नळी बहुधा घातलेलीच असते. त्याला सपाट निजवून त्या नळीतून मूत्राशयात जास्तीत जास्त 25 मिलिलिटर निर्जंतुक सलाईन सोडतात आणि श्वास सोडून झाल्याच्या क्षणी आतला दाब मोजतात. मूत्राशय पोटातच असल्यामुळे खोलीचा दाब त्याच्या भिंतीवर उमटतो. रक्तदाबाप्रमाणेच हे मापही पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असते. गंभीर आजारी माणसात तो 5 ते 7 असणे स्वाभाविक. सतत 12 किंवा त्याहून अधिक राहिला तर तो वाढलेला समजतात. 20 च्या वर टिकून राहिला आणि त्यासोबत एखादा अवयव नव्याने निकामी होऊ लागला, तर प्रसंग जिवावरचा. या विषयाला वाहिलेली तज्ज्ञांची जागतिक संस्था 2004 साली स्थापन झाली आणि तिने 2013 साली सुधारलेले मार्गदर्शन प्रसिद्ध केले.

हिशेब पाहू गेले तर वजाबाकीचा आहे. समजा, सरासरी रक्तदाब 75 आहे आणि पोटातला दाब 20. पोटातल्या अवयवांकडे रक्त ढकलायला उरले 55. उपाय करायचा तो या दोन्ही आकड्यांकडे पाहून. नाकातून जठरापर्यंत नळी घालून हवा व पाणी काढणे, एनिमा देणे, वेदना शमवून पोटाचे स्नायू सैल करणे, साचलेले पाणी सुईने काढणे, शिरेतले पाणी आवरते घेणे, लघवीचे औषध देणे, गरज पडल्यास यंत्राने रक्तातले जादा पाणी काढणे. आणि काहीच चालेना तेव्हा शस्त्रक्रियेने पोट उघडून काही काळ तसेच मोकळे ठेवणे, अशा या पायऱ्या आहेत.

'भरपूर पाणी' हा मंत्र अलीकडे पारखूनही पाहिला गेला. स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेवर सढळ हाताने पाणी चढवावे, असा प्रघात होता. भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिको या चार देशांतील 249 रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाला. सढळ पाणी दिलेल्यांपैकी शेकडा 20.5 रुग्णांच्या शरीरात पाणी जादा झाले; बेताने दिलेल्यांत हेच प्रमाण 6.3 होते. आजार तीव्र होण्याचे प्रमाण मात्र सढळ पाण्याने काही घटले नाही. प्रयोग अर्ध्यातच थांबवावा लागला.

भाषेच्या माणसाला येथे एक जुना शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. तो शब्द 'जलोदर'. यकृताच्या किंवा अन्य विकाराने पोटात पाणी साचणे, हे आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. सुश्रुतसंहितेत हे पाणी काढण्याची रीत सांगितली आहे. नाभीच्या खाली डाव्या अंगाला व्रीहिमुख शस्त्राने छिद्र करावे, धातूची किंवा पिसाची नळी घालून पाणी काढावे. पण त्यापुढची सूचना अधिक मोलाची आहे. सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये. तसे केल्यास तहान, ज्वर, श्वास असे उपद्रव होतात. काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे आणि नंतर पोट वस्त्राने आवळून बांधावे. आजचे डॉक्टर एका बैठकीत पाच लिटरपेक्षा अधिक पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन देतात. कारण दाब एकदम उतरला, की रक्ताभिसरण ढासळू शकते. साधने बदलली, सावधपणा तोच राहिला.

हाच सावधपणा आमच्या जिल्ह्याच्या एका सुपुत्राने विंचूदंशाच्या बाबतीत जगाला दाखवला. भोकरदन तालुक्यातील देहेड गावी जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर 1976 साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला, की रुग्ण घामाने निथळतो, त्याला उलट्या होतात. पाहणाऱ्याला वाटावे, याला पाणीच हवे. पण त्याच वेळी विषाने रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, हृदय थकत असते आणि फुप्फुसांत पाणी भरू लागते. अशा वेळी शिरेतून बेहिशेबी पाणी सोडणे म्हणजे बुडत्याच्या अंगावर घागर ओतणे. डॉ. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढून हे बारकावे टिपले आणि आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरात आणले. त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात आले. तीव्र दंशाचे शेकडा तीसच्या घरातले मृत्यू एकापर्यंत खाली आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. येथे छाती आहे, तेथे पोट. पण पाणी कोठे कमी आहे आणि कोठे तुंबले आहे, हे ओळखण्याची विद्या एकच.

मग आपण घरच्या माणसांनी काय करावे? यातून कोणी "सलाईन वाईट" असा अर्थ मात्र काढू नये. जुलाब-उलट्या सुरू होताच घरी क्षारसंजीवनीचे पाणी घोटाघोटाने द्यावे. लहान मूल मलूल झाले, लघवी थांबली तर तडक दवाखाना गाठावा. तेथे पाणी हेच अमृत. पण अतिदक्षता विभागात रुग्ण असेल आणि डॉक्टरांनी बाटली आवरती घेतली, तर भांडायला उठू नये. शांतपणे विचारावे, "आज पाणी किती गेले? किती बाहेर आले? सूज वाढली का? पोट ताणले आहे का?" हे प्रश्न विचारण्याचा आपला हक्क आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्यांचा राग येत नाही. परिचारिका ज्या कागदावर तासातासाला आकडे लिहितात, तो कागद बाटलीपेक्षा मोलाचा आहे. आणि "तहान लागली" म्हणून रुग्णाने हात जोडले, तरी विचारल्यावाचून त्याच्या तोंडाला पेला लावू नये. ओठ ओले करण्याची परवानगी मागावी. आपली माया त्या हिशेबाला धक्का देणारी नसावी.

एखाद्या रात्री उशाशी बाटली नसेल आणि तरीही डॉक्टर तेथेच उभे राहून पोटाचा दाब मोजत असतील, तर समजावे, की उपचार थांबलेले नाहीत. कदाचित त्या घटकेला ते सर्वांत नेटाने चालू असतील.